शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी बंद का पडते? केटी, नापास, हजेरी आणि रिन्युअलचे नियम समजून घ्या

बारावीनंतर पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सगळं घर कामाला लागलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, बँकेचं पासबुक, सेतूत चार चकरा. एकदाचे पैसे खात्यात पडले की सगळे निवांत होतात. "आता डिग्री होईपर्यंत येत राहतील" असं आई-बापाला वाटतं आणि पोरालाही वाटतं. पण तसं नाही. महाडीबीटीवरची असो की दिल्लीच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची, दरवर्षी नव्याने रिन्युअलचा अर्ज करावा लागतो. आणि दरवर्षी एक प्रश्न विचारला जातो, मागच्या वर्षी अभ्यासाचं काय झालं?

शिष्यवृत्ती कशी मिळवायची यावर आतापर्यंत पुष्कळ बातम्या आल्या. मिळालेली कशी टिकवायची यावर फार कमी लिहिलं जातं. गावाकडची बरीच पोरं शिष्यवृत्ती गमावतात ती इथेच.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. विद्यापीठाचा नियम वेगळा आणि शिष्यवृत्तीचा नियम वेगळा. विद्यापीठ सांगतं की तुम्ही पुढच्या वर्गात बसू शकता की नाही. शिष्यवृत्ती देणारं खातं सांगतं की पैसे मिळतील की नाही. दोन्ही ठिकाणी पास-नापासचा अर्थ एकच असेल असं नाही. घोळ होतो तो इथूनच.

केटी लागली म्हणजे शिष्यवृत्ती गेली का?

नाही. मोबाईलवर दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं नीट वाचा.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपल्याकडे जीओआय म्हणतात, ती अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मिळते. तिच्या नियमात या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट दिलेलं आहे. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे एखाद्याला खालच्या वर्गातले काही विषय राहूनही वरच्या वर्गात प्रवेश मिळाला, तर ज्या वर्गात तो गेला त्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळायला तो पात्र असतो. बाकीच्या अटी मात्र पूर्ण असाव्या लागतात. आपण ज्याला एटीकेटी किंवा नुसतं केटी म्हणतो, ते हेच. राहिलेला विषय नंतर काढायचाच आहे, पण तोपर्यंत पैसे अडवायचं कारण नाही.

आता हा नियम माहीत नसल्यानं काय होतं ते पाहा. आमच्या भागात शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातली एक मुलगी बीएस्सीला होती. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, पण दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. फॉर्म भरायला गेली तर कॉलेजच्या खिडकीवर कुणीतरी सांगितलं, "केटीवाल्यांचं चालत नाही, पुढच्या वर्षी ये." तिनं ते खरं मानलं. फॉर्म भरला नाही म्हणून पूर्ण फीची मागणी आली. बापाकडे एवढे पैसे नव्हते. दिवाळीनंतर ती कॉलेजला गेलीच नाही, आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. मला हे कळलं तोवर फॉर्मची मुदत संपून गेली होती. दोन विषयांपैकी एक तिनं हिवाळी परीक्षेत काढलाही असता. नियम तिच्या बाजूचा होता, पण तो तिला कुणी दाखवलाच नाही.

खिडकीवरच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. एका क्लार्ककडे शेकड्यानं अर्ज असतात आणि नियम सारखे बदलत असतात. म्हणून तोंडी "चालत नाही" ऐकून घरी यायचं नाही. अर्ज भरायचा. नाकारायचा असेल तर पोर्टलवर कारण लिहून नाकारू द्या. लेखी कारण हातात असलं की पुढे भांडता येतं.

खरोखर नापास झाला तर?

इथे दोन प्रकार आहेत. हा फरक बहुतेक पालकांना माहीत नसतो.

याच मॅट्रिकोत्तर योजनेत अभ्यासक्रमांचे चार गट केलेले आहेत. पहिल्या गटात वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, पशुवैद्यकीय, आर्किटेक्चर, मॅनेजमेंट असे मोठे पदवी आणि पदव्युत्तर कोर्स येतात. या गटातला विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण होऊ शकतं, म्हणजे एकदा माफी आहे. दुसऱ्यांदा नापास झाला तर मात्र पुढच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च त्याचा त्याने करायचा. वर गेला की शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होते.

बीए, बीकॉम, बीएस्सी, बी.फार्म, नर्सिंग, एलएलबी हे पहिल्या गटात येत नाहीत, त्यामुळे ती माफी त्यांना नाही. पुढच्या वर्गात बढती मिळाली तर नूतनीकरण, नाही मिळाली तर ते वर्ष कोरडं. बी.फार्मच्या पोरांचा इथे हमखास गैरसमज होतो. फी इंजिनिअरिंगएवढी असते म्हणून नियमही तोच असेल असं ते धरून चालतात.

कायमची बंद पडली असं मात्र कुठल्याच गटात समजू नका. एक वर्ष गेलं तरी पुढच्या वर्गात प्रवेश झाला की त्या वर्षासाठी अर्ज करता येतो. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या शिष्यवृत्त्यांमध्येही मुख्य प्रश्न पुढच्या वर्गात गेलात की नाही हाच असतो.

इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी एक फास आहे. त्याचं कॉलेजातलं नाव 'वायडी', म्हणजे इयर डाऊन. पुष्कळ विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत. दुसऱ्या वर्षाला केटीवर गेलेलं पोरगं खूश असतं, शिष्यवृत्तीही येते. पण पहिल्या वर्षाचं एम-वन किंवा मेकॅनिक्स राहिलेलं असतं. दुसरं वर्ष संपतं आणि दार बंद होतं. मग एक वर्ष घरी बसून नुसती परीक्षा द्यायची. त्या वर्षी कॉलेजात नियमित प्रवेशच नसतो, त्यामुळे बोनाफाईड मिळत नाही, आणि बोनाफाईड नाही तर शिष्यवृत्तीही नाही. पुढे तिसऱ्या वर्षाला प्रवेश झाला की अर्ज करताना गॅप दाखवावी लागते. म्हणून केटी काढायची असेल तर आधी पहिल्या वर्षाची काढा. अवघड विषय शेवटी ठेवायची सवय इथे महागात पडते.

आजारपणाचाही नियम आहे, तो फार कुणाला ठाऊक नसतो. परीक्षेच्या वेळी विद्यार्थी आजारी पडला किंवा अचानक काही घडलं आणि परीक्षाच देता आली नाही, तर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पुरावा द्यायचा. प्राचार्यांनी दाखला द्यायचा की परीक्षेला बसला असता तर हा विद्यार्थी पास झाला असता. असं झालं तर पुढच्या वर्षासाठी शिष्यवृत्ती चालू ठेवता येते. डेंग्यू होऊन परीक्षा बुडाली, अपघात झाला, असे प्रसंग गावाकडे दरवर्षी घडतात. दवाखान्याचे कागद त्याच वेळी घेऊन ठेवा. सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जाऊन मागची तारीख टाकून मागू नका.

पास आहे, पण टक्के कमी आहेत

आता दुसऱ्या प्रकारच्या शिष्यवृत्तीकडे वळू. यात नुसतं पास होऊन भागत नाही.

केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, सेंट्रल सेक्टर स्कीम. आता तिला पीएम-यूएसपी म्हणतात. बारावीला आपल्या बोर्डात सगळ्यात वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये येणाऱ्या मुलांसाठी ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत चालतं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नवीन विद्यार्थ्यांना दिली जाते, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. जातीची अट नाही, त्यामुळे खुल्या प्रवर्गातल्या शेतकऱ्याच्या हुशार पोरालाही मिळते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा, महाडीबीटीवर नाही.

तिच्या रिन्युअलला दोन अटी आहेत. वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि किमान ७५ टक्के हजेरी. शिवाय रॅगिंग किंवा बेशिस्तीची तक्रार नको.

पासिंग ४० ला होतं. म्हणजे ४६ टक्के मिळवणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या दृष्टीने चांगला पास आहे, गावात पेढे वाटायलाही हरकत नाही, पण ही शिष्यवृत्ती त्याची त्या वर्षी गेली. बारावीला ८५-९० टक्के मिळवलेली पोरं शहरातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला इंग्रजी माध्यमात अडखळतात आणि ४५-४८ वर येतात. दरवर्षी असं पाहायला मिळतं. ज्यांची ही शिष्यवृत्ती चालू आहे त्यांनी पहिल्या सेमिस्टरचा निकाल आला की लगेच हिशेब करावा. पहिल्या सेमिस्टरला ४६ पडले असतील आणि दोन्ही सेमिस्टरचे गुण सारखेच असतील, तर दुसऱ्याला किमान ५४ हवेत. गुणपत्रिकेवर टक्के नसून नुसता एसजीपीए असेल, तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के किती होतात ते कॉलेजकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने दहाने गुणून टाकू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र तसंच असेल असं नाही.

समाजकल्याणच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतही अभ्यासाची अट आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणासाठी ही रक्कम मिळते. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. रक्कम मोठी म्हणून अटीही कडक. टक्क्यांची अट आहे आणि ७५ टक्के हजेरी लागते. खोली भाड्याने घेण्याआधी चालू वर्षाची जाहिरात पूर्ण वाचा, कारण ही रक्कम बंद झाली तर मेस आणि खोलीभाडं दोन्ही एकदम अंगावर येतं.

हजेरीचा हिशेब

पंच्याहत्तर टक्के ऐकायला सोपं वाटतं. एका सेमिस्टरला समजा ९० दिवस वर्ग झाले, तर ६८ दिवस हजर राहायला हवं. म्हणजे सुट्टीसाठी हातात राहतात २२ दिवस. आता आपल्याकडचं कॅलेंडर पाहा. सोयाबीन काढणीला आठ-दहा दिवस, दिवाळीला जोडून आणखी चार, घरात लग्न म्हणून पाच, एसटी बंद किंवा ओढ्याला पूर म्हणून तीन-चार. वीस दिवस कधी गेले ते कळतही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं तर धाकट्या भावंडांना सांभाळायला महिनाभर घरी राहतात.

मीही शेतकरी आहे. काढणीला माणूस मिळत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण मजुराच्या चार दिवसांच्या पैशासाठी पोराला कॉलेजातून बोलावून घेणं आणि वर्षाची शिष्यवृत्ती घालवणं, हा व्यवहार तोट्याचा आहे. बोलवायचंच असेल तर शनिवार-रविवार बघून बोलवा.

खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, म्हणजे ज्याला सगळे ईबीसी म्हणतात तिच्यात, हजेरीची अट सैल आहे. मागच्या सेमिस्टरला किमान ५० टक्के, नवीन प्रवेशाला ही अट नाही. उत्पन्नमर्यादा ८ लाख. पण तिथे गॅपची अट आहे. कोर्स चालू असताना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त खंड पडला की पात्रता जाते. वर सांगितलेला वायडी आठवा. एकदा झाला तर निभावतं, पण दुसऱ्यांदा झाला तर ईबीसी गेली.

मुलींना एक मोठा दिलासा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ते ५० टक्के होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ते लागू आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. माफी आहे म्हणून रिन्युअल भरायचं नाही, असं काही घरांत झालं आहे. अर्ज भरावाच लागतो. अर्जच नसेल तर कॉलेज फी मागणारच.

कोर्स बदलला, कॉलेज बदललं

बीएस्सीचं पहिलं वर्ष करता करता सीईटी पुन्हा दिली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, गेला सोडून. असं पुष्कळ होतं आणि त्यात गैर काही नाही. पण मॅट्रिकोत्तरच्या नियमात परवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर दिलेली रक्कम परत मागण्याचा अधिकारही सरकारला आहे. म्हणून बदल करायचा असेल तर जुन्या कॉलेजला लेखी कळवा, पोर्टलवरचा जुना अर्ज कोणत्या अवस्थेत आहे ते बघा आणि समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचारूनच नवीन अर्ज करा. जुना अर्ज तसाच लोंबकळत ठेवून नवीन भरायला गेलं की गाडी अडते.

एक पदवी झाल्यावर त्याच पातळीची दुसरी पदवी, म्हणजे बीएनंतर परत बीएस्सी किंवा बीकॉम, घेतली तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही.

शैक्षणिक कर्ज काढलेल्यांसाठीही दोन ओळी. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मध्येच कोर्स सोडला किंवा शिस्तभंग किंवा अभ्यासाच्या कारणावरून कॉलेजने काढून टाकलं, तर व्याजाचं अनुदान बंद होतं. आजारपणामुळे सोडावं लागलं तर त्याला अपवाद आहे, म्हणून इथेही दवाखान्याचे कागद लागतातच.

अर्ज भरताना

आधीच्या वर्षाचा निकाल अर्जात विचारतात. गुणपत्रिकेवर जे आहे तेच टाका. केटी असताना 'पास' टाकलं तर छाननीत अर्ज परत येतो आणि मुलगा खोटं बोलला असा शिक्का बसतो तो वेगळाच. सेतूवाल्याला किंवा सायबर कॅफेवाल्याला भरायला दिला तरी सबमिट करण्याआधी स्वतः एकदा वाचा. घाईत दुसऱ्याचाच निकाल टाकलेला मी पाहिला आहे.

महाडीबीटीवर 'राईट टू गिव्ह अप' नावाचा एक पर्याय आहे. त्याचा अर्थ मी माझ्या मर्जीने शिष्यवृत्तीचा हक्क सोडतो. दरवर्षी काही पोरं चुकून तेच बटण दाबतात. ते दाबू नका.

अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. आधी तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून खात्याकडे. कुठेही त्रुटी निघाली तर 'सेंड बॅक' होऊन तुमच्याकडे परत येतो. मेसेज कधी येतो, कधी येत नाही, नंबर बदललेला असला तर येणारच नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचाच जोडला तर तेवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो.

खात्याला आधार 'लिंक' असणं आणि आधार 'सीडिंग' असणं यात फरक आहे. पैसे सीडिंग असलेल्या खात्यात जातात. शेतकरी घरात एकाच माणसाची तीन-चार खाती असतात, त्यातल्या भलत्याच खात्यात पैसे पडलेले असतात आणि घरी "शिष्यवृत्ती आलीच नाही" म्हणून ओरड चालू असते. बँकेत जाऊन एकदा विचारून घ्या.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राच्या वाट्यातली फीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते, ती त्याने कॉलेजला भरायची असते. निर्वाह भत्ता वेगळा, तो विद्यार्थ्याचा. पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,०००. साध्या पदवीला वसतिगृहात ६,००० आणि घरून ३,०००. आता होतं काय, फीची रक्कम नेमकी पेरणीच्या तोंडावर खात्यात पडते आणि खता-बियाण्याला जाते. पुढच्या वर्षी कॉलेज फीची बाकी दाखवतं, निकाल किंवा टीसी अडवून धरतं आणि रिन्युअल तिथंच थांबतं. घरात अडचण असते हे खरं, पण खात्यात आलेल्या रकमेतला भत्ता किती आणि फी किती हे आधी पोराकडून समजून घ्या.

अर्ज नाकारला आणि कारण पटलं नाही तर आधी कॉलेजच्या प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तिथं काम झालं नाही तर अनुसूचित जातीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकल्याणचे सहाय्यक आयुक्त, अनुसूचित जमातीसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय. ईबीसी असेल तर उच्च शिक्षण किंवा तंत्रशिक्षणाचे सहसंचालक. सोबत गुणपत्रिका, बोनाफाईड, प्रवेशाची पावती आणि पोर्टलवरच्या नकाराचा स्क्रीनशॉट जोडा. कोणत्या नियमानुसार नाकारलं हे कुणी सांगतच नसेल, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाची मुदत संपण्याच्या आत हे सगळं सुरू करा. तारीख निघून गेल्यावर कार्यालयात कुणीच काही करू शकत नाही.